हात नसलेल्या देवीचा चुडा

बारामतीला जाऊन आल्यावर कुणी प्रवासवर्णन लिहीत नाही, हे मला ठाऊक आहे. पुण्याहून सकाळी निघालेला मनुष्य जेवणाच्या वेळेपर्यंत तिथे पोचतो, आणि बरेच जण काम उरकून त्याच संध्याकाळी परतही येतात. म्हणूनच मी धाकट्या बहिणीला, सुधाला, या लेखनाविषयी सांगितले तेव्हा तिने केवळ "बरं" म्हटले. सुधा गेल्या वर्षी एका यात्रा कंपनीबरोबर माल्टा बेट पाहून आली. मी त्या बेटाचा अभ्यास करतो आणि अजून तिथे गेलेलो नाही. तिथल्या पाषाणमंदिरांविषयी मी तिला मोठ्या उत्सुकतेने विचारले होते. ती म्हणाली, "दगड खूप आहेत. सावली नाही." इतके नेमके वर्णन मला एकाही ग्रंथात आढळलेले नाही.

माझे आयुष्य एका सरकारी कचेरीत नकाशे काढण्यात गेले. निवृत्तीनंतर, ज्या वयात लोक फिरायला जाण्याची काठी विकत घेतात त्या वयात, मी पुरातत्त्वाच्या पदविका वर्गाला नाव घातले. वर्गातली मुले मला आदराने पुढच्या बाकावर बसवू पाहतात आणि मी तितक्याच आदराने शेवटच्या बाकावर जाऊन बसतो. शंका पुष्कळ येतात. पण हात वर करून त्या विचारण्याचे धैर्य मला एकदाही झालेले नाही.

विषयाला वाचकांनी घाबरू नये म्हणून तो थोडक्यात सांगतो. भूमध्य समुद्रातल्या त्या बेटांवर, पिरॅमिड उभे राहण्याच्याही आधी, शेती करणाऱ्या पण धातू ठाऊक नसलेल्या लोकांनी अवाढव्य शिळांची मंदिरे बांधली. त्यांत दगडाच्या आणि मातीच्या मूर्ती सापडल्या: रुंद नितंब, जाडजूड दंड, इवलीशी पावले. पुष्कळ मूर्तींना डोके नाही. काहींच्या मानेच्या जागी नुसती खोबण आहे, तेव्हा डोके वेगळे करून बसवण्याची सोय असावी. आधीच्या पिढीतल्या विद्वानांनी त्यांना पाहताक्षणी 'आदिमाता' ठरवून टाकले. पुढच्या पिढीने चष्मे पुसून पुन्हा पाहिले आणि विचारले, हिच्या कडेवर मूल कुठे आहे? आणि यांतल्या बऱ्याच जणी मुळात स्त्रिया तरी आहेत का? तेव्हापासून दोन पक्ष पडले आहेत. ज्यांना विचारून खुलासा झाला असता ते लोक काही हजार वर्षांपूर्वीच निघून गेल्यामुळे वाद मिटण्याचे चिन्ह नाही. मी दोन्ही पक्षांचे वाचतो, आणि जे शेवटी वाचले असेल ते मला पटते.

बारामती, शनिवार

रफिक मणियार हा माझा वर्गबंधू. चाळिशीतला, बारामतीच्या एका शाळेत इतिहास शिकवणारा आणि सुट्टीच्या दिवशी वर्गासाठी एसटीने पुण्याला येणारा. तिथे तो एक वाचनमंडळ चालवतो. "काका, तुमी याच," असा त्याने उन्हाळ्याच्या सुट्टीत लकडा लावला. "आमची मंडळी साधी हायेत. कुणी अडचणीत आणत न्हाय." त्याचे हे आश्वासन मी इथे मुद्दाम नोंदवून ठेवतो.

एसटी स्थानकावर तो मोटारसायकल घेऊन उभा होता. मागे बसण्याच्या माझ्या खटपटीत खांद्यावरची पिशवी तापलेल्या सायलेन्सरला टेकली आणि तिला भोक पडले. पिशवीत भाषणाचे कागद होते. जळाले ते एकच पान, शेवटचे. ज्यावर मी दोन्ही पक्षांना नमस्कार करून विषय गोडीने मिटवला होता. त्या वेळी मला वाटले, थोडक्यात निभावले.

मणियारांचे घर बाजाराच्या मागच्या गल्लीत आहे. पुढे बांगड्यांचे दुकान, मागे राहते घर. रफिकच्या आई शमशादबी गल्लीतल्या सगळ्यांच्या शमशादमावशी आहेत. माणसाच्या तोंडाकडे पाहण्याआधी त्या त्याच्या हाताकडे पाहतात. मी नमस्कारासाठी हात जोडले, तर त्या म्हणाल्या, "दोन-आठ."

मी गोंधळून रफिककडे पाहिले.

"बांगडीचं माप, काका. अम्मीला त्याबिगर माणूस ओळखू येत न्हाय."

"बाप्याचा हात दोन-आठ," शमशादबी नवलाने म्हणाल्या. "जलमभर काय उचललं का न्हाय, भाऊ?"

"पेन्सिल," मी म्हणालो.

दुपारी त्यांनी शेंगोळी केली होती. हुलग्याच्या पिठाच्या, हातावर वळलेल्या या कडबोळ्या लसणाच्या तिखट रश्श्यात शिजवतात. आमच्या पुण्याकडच्या चकोल्यांची ही थोरली आणि रागीट बहीण म्हणता येईल. चकोल्या खाताना आम्ही तूप-गुळाची विचारपूस करतो. इथे शमशादबींनी मला कच्चा कांदा हातानेच फोडून दिला आणि "नाकातनं पानी आलं तरी थांबू नका" एवढीच सूचना केली. मी दोनदा वाढून घेतले. तिसऱ्यांदा नको म्हणण्याचा धीर झाला नाही.

भाषण संध्याकाळी एका शाळेच्या सभागृहात झाले. समोर खरोखरच साधी आणि प्रेमळ माणसे होती, याने माझी भीती कमी होण्याऐवजी वाढली. माझ्या भाषणात 'कदाचित' आणि 'बहुधा' हे शब्द इतक्यांदा येतात की ते काढून टाकले तर फक्त नमस्कार उरेल. तरीही मी बोललो. प्रत्येक स्थूल मूर्तीला आई म्हणण्याची घाई करू नये, एवढे सांगेपर्यंत कागद संपले. पुढचे पान राख झाले होते.

पहिल्या रांगेतून धोतर-टोपीतले एक गृहस्थ उठले. इंदापूर तालुक्यातल्या, उजनी धरणाच्या पाण्याकाठच्या एका गावच्या देवस्थान समितीचे ते अध्यक्ष. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. गावाचे नाव मी लिहू नये असे मला बजावण्यात आले आहे, म्हणून लिहीत नाही.

"म्हंजी साहेब, ती आई न्हाय," अण्णा म्हणाले.

"आहेच असे म्हणता येत नाही."

"म्हंजी न्हायच."

"नाहीच असेही—"

एवढ्यात टाळ्या झाल्या. नारळ आणि टॉवेल देऊन माझा सत्कार झाला, आणि 'नाहीच असेही' हे वाक्य मी नारळाबरोबर घरी घेऊन आलो.

कळंबवरून नरसिंहपूर, रविवार

दुसऱ्या दिवशी रफिकने मला नीरा-भीमेच्या संगमावरचे नरसिंहपूर दाखवायचे ठरवले. बारामती मागे पडली की दोन्ही अंगांना ऊस, मधेच एखादे डाळिंबाचे शेत, आणि रस्त्यावर आपल्याच चालीने चाललेले ट्रॅक्टर. कळंबला आम्ही चहाला थांबलो. हॉटेलवाल्याने पेल्यांत चहा ओतता ओतता माझ्याकडे निरखून पाहिले.

"पुन्याचं साहेब तुमीच का?"

"मी पुण्याचा आहे," मी सावधपणे म्हणालो.

"ती आई न्हाय म्हननारं?"

रफिकने खिशातून फोन काढला, पाहिला, आणि तो माझ्यापुढे धरला. अण्णांनी पहाटेच माझ्या सत्काराच्या फोटोसह सगळीकडे पाठवलेला निरोप त्यावर होता: 'पुण्याच्या तज्ज्ञांनी सिद्ध केले. आपली देवी आई नसून कुमारिका.' तज्ज्ञ आणि सिद्ध हे दोन शब्द माझ्या नावाजवळ आजवर कधी फिरकले नव्हते. इथे ते जोडीने आले होते.

"पण मी यांच्या देवीविषयी एक अक्षर बोललो नाही," मी म्हणालो. "मला ती ठाऊकही नाही."

"बेटावरची देवी म्हणालात न्हवं," रफिक म्हणाला. "अण्णांना दुसरं बेट कुठलं ठाऊक असणार?" मग त्याने ते सगळे सांगितले.

धरणाचे पाणी भरले तेव्हा अण्णांचे जुने गाव बुडाले आणि लोक वर काठावर राहायला आले. देवी एका टेकाडावर होती, ती तिथेच राहिली. पावसाळा आणि हिवाळा ती पाण्याखाली असते. उन्हाळ्यात पाणी उतरले की टेकाड उघडे पडते. चहूकडे पाणी आणि मधे ती. तेव्हा एका मंगळवारी गावच्या बायका नावेने जाऊन तिची ओटी भरतात आणि तिला हिरवा चुडा भरतात.

"पन ती निस्ती शिळा हाय म्हणतात," रफिक म्हणाला. "मुंडकं न्हाय, हात न्हाय. मग चुडा भरायचा कुठं? तर त्या वरसात जी बाई बाळंत झाली असंल, ती देवीशेजारी बसून तिच्या नावानं हात पुढं करती. चुडा भरायचा मान आमच्या घराचा. आजीनं भरला, आता अम्मी भरती. ज्या हातात भरला तो हात वरीसभर देवीचा. पुढल्या उन्हाळ्यात त्या बांगड्या तितंच उतरवायच्या, मग नव्या भरायच्या."

"आणि देवी कुमारिका ठरली तर?"

"मग बाळंतिणीचं काम न्हाय. अण्णांची पुतणी बसंल, शाळेतली हाय. अन् कुमारिकेला हिरवा चुडा न्हाय भरत, काका. वेणी घालत्यात." त्याने पेला खाली ठेवला. "वेणी आमच्या दुकानात न्हाय मिळत. अण्णा या मंगळवारी, ओटीच्याच दिवशी, काठावर फलक बी लावणार हायेत, देवीचं नाव-रूप लिहून. एकदा फलक लागला की लागला."

चहाचे पैसे हॉटेलवाल्याने घेतले नाहीत. तज्ज्ञांकडून घेत नाही, असे तो म्हणाला. मला तो चहा फार कडू लागला.

नरसिंहपूरचे देऊळ सुंदर आहे आणि घाटावर उभे राहिले की दोन नद्या शांतपणे एक होताना दिसतात. माझे मन मात्र थाऱ्यावर नव्हते. गाभाऱ्यातल्या देवाकडे पाहताना एकच विचार येत राहिला, की अर्धा सिंह आणि अर्धा माणूस असलेल्या या देवाला कुठल्या वर्गात घालावे यावरून इथे कुणाचे भांडण झाल्याचे ऐकिवात नाही. नैवेद्याची पोळी मोडून देणाऱ्या एका बाईंना मी तसे भीत भीत विचारलेदेखील. त्या म्हणाल्या, "देव हाय न्हवं? मग बास की." पुण्याला आम्ही यावर सत्रांत निबंध मागवले असते.

पुन्हा बारामती

रविवारी संध्याकाळी शमशादबींनी मला साजूक तुपाचा भात वाढला. राग धरलेल्या घरात पाहुण्याला इतके चांगले जेवण मिळत नाही, आणि राग नसलेल्या घरात इतकी शांतता नसते. मी ताटावरच क्षमा मागितली. माझे पान जळाले होते, मी भूमध्य समुद्राविषयी बोलत होतो, हे सारे सांगितले.

त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "मला कुनी नको म्हनलं न्हाय, भाऊ. अण्णा सकाळी फोनवर म्हनले, 'मावशी, तुमी या, जेवायला या.' मानूस हवंय त्यास्नी. मानसाचं काम नको म्हनले." त्यांनी भाताच्या मधोमध आणखी तूप सोडले. "ते जरा जास्त लागतं बघा."

मी म्हणालो की मंगळवारी मी स्वतः येऊन खुलासा करीन. हे वाक्य उच्चारले गेल्याचे मला ते उच्चारल्यानंतर कळले.

"या की," शमशादबी म्हणाल्या. "पन तितं चंद्राक्का असत्यात. जुन्या गावातल्या सगळ्यांत थोरल्या. त्यांच्याम्होरं तुमचं ते 'कदाचित' चालायचं न्हाय."

सोमवारी मी खोलीत बसून खुलाशाचे कच्चे मसुदे केले. शमशादबी दुकानात गिऱ्हाईक नसताना फोनवर बराच वेळ कुणाशी तरी बोलत होत्या आणि मधे मधे हसत होत्या. त्या हसल्यामुळे मला बरे वाटले. कारण विचारणे योग्य वाटले नाही.

पाण्याकाठी, मंगळवार

शमशादबी ओळखीच्या जीपमधून पुढे गेल्या, आम्ही मोटारसायकलवरून मागोमाग. त्यांच्या मांडीवर बांगड्यांची पेटी होती. रफिकने "अम्मी, आज पेटी कशाला?" असे विचारले, तर त्या म्हणाल्या, "पेटीबिगर मला तोल सावरत न्हाय."

उन्हाळ्यातले धरण हे एक विचित्र दृश्य असते. पाणी मागे हटलेले, काळी माती भेगाळून वाळलेली, आणि पूर्वीच्या बांधांच्या, रस्त्यांच्या रेषा तिच्यावर पुन्हा उमटलेल्या. जणू कुणी जुना नकाशा उन्हात पसरून ठेवावा. आयुष्यभर नकाशेच काढल्यामुळे मी पाहत राहिलो. उथळ पाण्यात बगळे उभे होते, काठाला मासेमारांच्या नावा आणि सुकत घातलेली जाळी. वाऱ्याला मासळीचा आणि ओल्या मातीचा वास येत होता. चिलापी नावाचा मासा इथे सर्वांना प्रिय आहे. मला तो देऊ करण्यात आला. मी शाकाहारी आहे हे ऐकून सर्वांनी अशी सहानुभूती दाखवली, जशी आम्ही पाय मोडलेल्याला दाखवतो.

बायकांची नाव आधी सुटली. चंद्राक्का तीत मधोमध बसल्या होत्या: पांढरेशुभ्र केस, नऊवारी, आणि साऱ्या काठावर पोचेल असा आवाज.

"ह्योच का त्यो?" त्यांनी माझ्याकडे बोट दाखवून विचारले. "मला वाटलं थोराड असंल."

पुरुषांच्या नावेत अण्णा, रफिक, मी आणि वल्हे मारणारा दाजीबा. फलक आडवा करून अण्णांनी पायाशी ठेवला होता. त्यावर 'श्री' लिहून रंगवलेले होते आणि पुढची जागा मोकळी होती.

"तुमच्याम्होरं खात्री करून लिवतो, साहेब," अण्णा आनंदाने म्हणाले. मनुष्य मोठा निष्कपट. आपल्या बेटाचे नाव परदेशी बेटांच्या रांगेत बसल्याचा त्यांना खरोखर अभिमान वाटत होता, आणि त्यामुळे माझे काम अधिकच कठीण झाले होते.

टेकाडापाशी पोचताच दाजीबाने नाव वळवली आणि सगळे पुरुष देवीकडे पाठ करून बसले. ओटी भरून होईपर्यंत पुरुषांनी तिकडे पाहायचे नाही, असा रिवाज आहे.

"मग नंतर पाहता येते?" मी कुजबुजत विचारले.

"व्हय की," दाजीबा म्हणाला. "पन तवर समद्या साड्या-खण चढल्याले असत्यात, वर हार, वर नारळ. मी हितकी वरसं नाव आनतोय, मी साडीच बघितलीय."

म्हणजे ज्या पुराव्यावरून निर्णय द्यायचा तो पुरावा मला दिसणार नव्हता. विद्वानांच्या दोन्ही पक्षांविषयी मला प्रथमच आपुलकी वाटली.

मागे बायकांचा आवाज चढू लागला. त्या वर्षीची बाळंतीण भामा हिला एका बाजूच्या बायका पुढे ढकलत होत्या. दुसरीकडून अण्णांच्या भावजयीने आपल्या मुलीला वेणीसह आणून बसवले होते.

"माझा हात कवाच धुऊन ठिवलाय म्या," हा भामाचा आवाज.

"भामे, पुन्याच्या सायबानं सांगितलंय ती कुमारी हाय," हा भावजयीचा.

"त्यानं बघितली का तिला?"

"तू तरी बघितली का? जलमल्यापासनं शेंदूरच बघितलायस."

मग चंद्राक्कांचा आवाज आला आणि बाकीचे सगळे आवाज बसले. "ओ पुन्याचं. या हिकडं. पाठमोरंच या."

मी नावेतून उतरलो आणि उलटा चालू लागलो. चिखल घोट्याच्या वर होता. तिसऱ्या-चौथ्या पावलाला माझी एक चप्पल तिथेच राहिली. ती डोळ्यांसमोरच होती, पण काढायला पुढे वाकलो तर तोल जात होता. मागून बायका मला ओरडून दिशा सांगत होत्या. डावीकडे, थोडे उजवीकडे, थांबा. एका पायात चप्पल घालून आदिमातेच्या दर्शनाला पाठमोरा गेलेला अभ्यासक माझ्या वाचनात तरी दुसरा नाही.

"बसा," चंद्राक्का म्हणाल्या. मी बसलो. माझ्या पाठीमागे, हाताच्या अंतरावर, ती होती. हळदीचा आणि ओल्या दगडाचा वास येत होता. "आता सांगा. आई का कुमारी?"

खुलाशाचा मसुदा खिशात होता, पण त्याची सुरुवात 'सर्वप्रथम हे लक्षात घेतले पाहिजे की' अशी होती.

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

"मोठ्यानं."

"मला माहीत नाही." पाण्यावरून माझा आवाज नावेपर्यंत गेला, हे मला अण्णांचे खांदे पडले त्यावरून समजले. "बारामतीला मी बोललो ते दूरच्या एका बेटाविषयी. या देवीविषयी मी काहीच बोललो नव्हतो. आणि खरे सांगायचे तर त्या बेटाविषयीही मला माहीत नाही. कुणालाच नाही."

"अवो साहेब, असं काय करता," नावेतून अण्णा म्हणाले.

"अण्णा, मान वळवू नका."

"न्हाय वळवली वो, आक्का."

मग चंद्राक्कांनी चौकशी सुरू केली, आणि ती इतक्या रसाने केली की मला वर्गातल्या तोंडी परीक्षेची आठवण झाली.

"तितल्या देवीला मुंडकं हाय का?"

"बऱ्याच मूर्तींना नाही. काहींच्या मानेत खोबण आहे. डोके बदलता येत असावे."

"आमच्या कमिटीगत," चंद्राक्का म्हणाल्या. "अध्यक्ष नवा आला की मुंडकं नवं. धड त्येच."

बायका हसल्या. नावेत दाजीबाही हसला आणि अण्णांनीही शेवटी हसून घेतले.

"अन् बाई हाय का बाप्या?"

"तेही नीट कळत नाही. काही विद्वान म्हणतात, ना स्त्री, ना पुरुष. दोन्हींच्या पलीकडचे काहीतरी."

"झालं तर मग," चंद्राक्का म्हणाल्या. "भामे, ऊठ. पोरी, तू बी ऊठ, वेनी तुझ्याच डोस्क्यात माळ, चांगली दिसती. शमशाद, पेटी उघड. भांडान ह्यांनी लावलंय, हात बी ह्यांचाच."

क्षणभर मला वाटले की मी चुकीचे ऐकले.

"आक्का, बाप्याच्या हातात चुडा?" अण्णांच्या भावजयीने विचारले.

"देवीच्या हातात. ह्यांचा निस्ता उसना. ह्यांच्या शास्तरात चालतंय की. ना बाई, ना बाप्या."

मी प्रतिकार करू शकलो असतो असे मला अजूनही वाटत नाही. आयुष्यभर कचेरीत कुणी कुणाला 'हातात बांगड्या भरल्यात का' असे हिणवले की मी मान खाली घालत असे, कारण तो टोमणा शेवटी माझ्यापाशी येऊन थांबणार याची मला खात्री होती. आता तो आला होता, आणि पंधरावीस बायका पुढे येऊन माझ्या हाताकडे कौतुकाने पाहत होत्या.

शमशादबी समोर येऊन चिखलातच मांडी घालून बसल्या. पेटीचे झाकण उघडले. सगळ्यांत वर हिरव्या बांगड्यांचा एक चुडा वेगळा काढून फडक्यात गुंडाळलेला होता.

"दोन-आठ," त्या हळूच म्हणाल्या.

मला सोमवारचा तो लांबलेला फोन आठवला. मी त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. त्या हाताकडे पाहत होत्या.

"ढिला सोडा, भाऊ. आखडू नका. आखडलेल्या हातात काच जात न्हाय."

त्यांनी माझा डावा अंगठा तळव्यात मुडपला, बोटांची हाडे एका हाताने अलगद दाबून धरली आणि पहिली बांगडी सांध्यावरून सरकवली. दुखले, पण बोलण्याआधीच दुखणे संपले होते. मग दुसरी, तिसरी. प्रत्येक बांगडी भरताना त्या ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत होत्या. आणि माझ्या पाठीमागे चंद्राक्काही आपल्या परीने काहीतरी म्हणत होत्या. दोन्ही मला समजले नाही. दोन्ही एकाच वेळी संपले. शेवटच्या बांगडीला शमशादबींनी माझा हात आपल्या कपाळाला लावला, आणि मग इतर बायका एकेक करून त्याच हाताला हळदीकुंकू लावून गेल्या. त्यांतली एकही माझ्या तोंडाकडे पाहत नव्हती. इतक्या लोकांपुढे बसून मला संकोच वाटला नाही असे ते पहिलेच बसणे.

"मंग फलकावर काय लिवू?" नावेतून अण्णांनी विचारले.

"पुढल्या वरशी लिव," चंद्राक्का म्हणाल्या. "चुडा उतरवायला ह्ये येनारच हायेत. तवर वाचून येतील."

पुरुषांना वळण्याची परवानगी मिळाली तेव्हा मीही वळलो. साड्या, खण, हार आणि वर नारळ. दाजीबाने सांगितले होते तसेच.

परत

भिगवणच्या स्टँडवर सोडायला रफिक आणि शमशादबी दोघेही आले होते. चप्पल दाजीबाने काढून आणली होती. ती पायात घालेपर्यंत शमशादबी मला नियम सांगत होत्या. भांडी उजव्या हाताने घासायची. नळाला हात आपटायचा नाही. झोपताना उशाला फडकं. "एखादी फुटली तर फुटली म्हनू नका, वाढली म्हना. पन वाढू बी देऊ नका," असे म्हणून त्यांनी शेंगोळ्यांसाठी हुलग्याचे पीठ माझ्या पिशवीत घातले. पिशवीचे भोक त्यांनी आदल्या दिवशीच शिवले होते.

"पुढल्या उन्हाळ्यात मीच भरीन," त्या म्हणाल्या. हे त्यांनी मला सांगितले की स्वतःला, ते ठरवण्याच्या भानगडीत मी पडलो नाही.

गाडीला गर्दी होती. बसायला जागा नव्हती. उजव्या हाताने मी दांडी धरली, पण डाव्या हाताला दोन्ही बाजूंनी गाठोडी, कोपरे आणि कुणाचे तरी स्टीलचे डबे लागू लागले. तेव्हा मी तो हात सरळ डोक्याच्या वर उचलला आणि तसाच धरून ठेवला. बाही खाली घसरली, बांगड्या किणकिणत मनगटावरून थोड्या खाली आल्या आणि थांबल्या. गाडीतली सगळी माणसे वळून पाहू लागली. मी हात खाली घेतला नाही.

तिकिटे फाडत फाडत कंडक्टर माझ्यापर्यंत पोचला. त्याने आधी वर पाहिले, मग माझ्याकडे.

"काय आजोबा, काय इचारायचंय का?"

"नाही," मी सगळ्या गाडीला ऐकू जाईल असे म्हणालो, "सांभाळतोय."